हा राजा खरा की खोटा?

माझा तिकिटांचा अल्बम चाळताना ऑस्ट्रेलिया संपलं की पुढच्या पानावर पाहुणे हमखास थबकतात. ‘हट रिव्हर? हा कुठला देश? आणि हा राजा खरा की खोटा?’ मी उत्तर सुरू करतो, तेवढ्यात चहा येतो आणि विषय राहतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज पुरतं सांगतो.

राजा नव्हे, प्रिन्स. लिओनार्ड कॅसली, पश्चिम ऑस्ट्रेलियातला गव्हाचा शेतकरी. पर्थच्या उत्तरेला पाचशे किलोमीटरवर त्याची जमीन, ७५ चौरस किलोमीटर. १९६९ मध्ये सरकारनं गव्हावर कोटा लावला. याचा गहू उभा दहाएक हजार एकरांवर, विकायची परवानगी शंभरेक एकरांपुरती! अर्जविनंत्या करून झाल्या. मग २१ एप्रिल १९७० ला गड्यानं जमिनीसकट ऑस्ट्रेलियातून फुटून निघाल्याचं जाहीर केलं. तेच हे हट रिव्हर. लेव्हीची, म्हणजे सरकारला सक्तीनं द्यायची ज्वारी घालताना आमच्या आजोबांनीही सरकारला शिव्या दिल्या होत्या, पण बांधावर झेंडा लावायचं काही त्यांना सुचलं नाही.

किताबही निव्वळ हौसेचा नव्हता. खटल्याची धमकी आली तेव्हा यानं १४९५ चा इंग्लिश कायदा हुडकून काढला. गादीवर प्रत्यक्ष बसलेल्याची चाकरी करणाऱ्याला त्यात राजद्रोहापासून संरक्षण होतं. मग गादीवर कुणीतरी बसायलाच हवं! तो प्रिन्स झाला, बायको शर्ली प्रिन्सेस.

राज्यकारभार म्हणाल तर बराचसा कागदांचा. स्वतःची तिकिटं, नाणी, नोटा काढायच्या, आलेल्या पर्यटकांच्या पासपोर्टवर शिक्के मारायचे. अनेकदा हे शिक्के प्रिन्स स्वतःच मारायचा. १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टपाल खात्यानं त्याची पत्रं घेणं नाकारलं, तेव्हा ती कॅनडामार्गे फिरवावी लागली. पुढच्याच वर्षी त्यानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध युद्ध पुकारलं आणि काही दिवसांत मागेही घेतलं. गोळी एकही सुटली नाही. युद्धात न हरलेल्या राष्ट्राला मान्यता द्यावी लागते, असा त्याचा मुद्दा. वकिलालाही घाम फुटावा असा माणूस.

मान्यता मात्र कुठल्याच देशानं दिली नाही. म्हणून ही तिकिटं आम्हा संग्राहकांच्या भाषेत ‘सिंडरेला’, म्हणजे दिसायला तिकीट, पण अधिकृत टपालाचं नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या लेखी तो करदाताच राहिला. २०१७ मध्ये त्यानं धाकट्या मुलाकडे, ग्रॅमकडे गादी सोपवली. त्याच वर्षी कोर्टानं बाप आणि एका मुलाला मिळून सुमारे ३० लाख डॉलरची करथकबाकी भरायला सांगितलं. लिओनार्ड २०१९ मध्ये गेला. पुढच्या वर्षी कोविडनं पर्यटक बंद झाले, कर डोक्यावर होताच. ऑगस्टमध्ये राज्य गुंडाळलं, जमीन विकायला काढली.

त्या पानावर मी पेन्सिलीनं ‘१९७० –’ एवढंच लिहून ठेवलं होतं. आता पुढे २०२० घातलंय. राजा खरा होता की खोटा, ते तिकीट भिंगाखाली धरून तुम्हीच सांगा. छिद्रं मात्र अगदी खऱ्या तिकिटासारखी आहेत.