संमतीपत्रक तीनदा परत आलं: एथिक्स कमिटीच्या परवानगीचा माझा अनुभव

'भाषा सोपी करावी.' अभ्यासात भाग घेणाऱ्यांनी सही करायच्या आमच्या चार पानी मराठी संमतीपत्रकावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीचा, दुसऱ्या फेरीतला शेरा एवढाच होता. कोणतं पान, कोणतं वाक्य, काहीही नाही. आणि पुढची बैठक दोन महिन्यांनी.

अभ्यास साधा होता. काही गावांत तीस वर्षांवरच्या लोकांची मधुमेहासाठी तपासणी करायची. निम्म्या गावांत आशाताईंनी घरी जाऊन आहार-व्यायामाचा पाठपुरावा करायचा, उरलेल्या गावांत आरोग्य केंद्राचं नेहमीचं काम चालू ठेवायचं आणि वर्षाने दोन्हीकडची साखर पुन्हा मोजायची. नवं औषध नाही, परदेशी पैसा नाही. प्रोटोकॉल (अभ्यासाचा आराखडा), सॅम्पल साइझ (किती माणसं घ्यायची तो आकडा), बजेट, संशोधकांचे सहीचे बायोडेटा, जीसीपी (संशोधनाच्या योग्य पद्धतीच्या प्रशिक्षणाची) प्रमाणपत्रं हे सगळं पहिल्याच फेरीत पार पडलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. अडकलं ते संमतीपत्रक.

पहिल्यांदा परत आलं ते आमच्याच चुकीने. इंग्रजी पत्रकाच्या तळाला 'व्हर्जन १.१' होतं, मराठीच्या तळाला '१.०', आणि अर्जात तिसरीच तारीख. कागदपत्रं पाठवण्याआधी एकाने फक्त तळटिपा वाचायच्या: प्रत्येक पानावर व्हर्जन, तारीख आणि 'पान ४ पैकी २' असा आकडा. दहा मिनिटांचं काम आहे. ते न केल्याने आमचे दोन महिने गेले. प्रोटोकॉलमधलं शीर्षक, संमतीपत्रकावरचं शीर्षक आणि कमिटीच्या पत्रावरचं शीर्षक अक्षरन् अक्षर जुळतंय का, हेही त्याच वेळी पाहून घ्या. ते का, हे पुढे सीटीआरआयच्या, म्हणजे ट्रायलच्या नोंदवहीच्या, भागात कळेल.

दुसरी फेरी 'भाषा सोपी करावी'ची. तेव्हा राग आला होता, पण आज ते पत्रक वाचलं तर शेरा बरोबरच होता असं म्हणावं लागतं. (शेरा लिहायची पद्धत मात्र अजूनही पटत नाही.) आमचं वाक्य असं होतं: 'आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून आपण कोणत्याही टप्प्यावर कोणतेही कारण न देता अभ्यासातून माघार घेऊ शकता व त्यामुळे आपणांस मिळणाऱ्या वैद्यकीय सेवेवर कोणताही प्रतिकूल परिणाम होणार नाही.' हे मराठी नव्हे, देवनागरीत लिहिलेलं इंग्रजी आहे. शेवटी मंजूर झालं ते असं: 'तुम्ही हो म्हटलंच पाहिजे असं नाही. आज हो म्हणून उद्या नाही म्हटलं तरी चालेल. कारण सांगायची गरज नाही. आरोग्य केंद्रातले तुमचे उपचार आहेत तसेच चालू राहतील.'

शब्दांनी तर खूपच घोळ घातला. 'नियंत्रण गट' (तुलनेसाठीचा, आमच्याकडे आशाताई जाणार नाहीत तो गट) हा शब्द आम्ही बिनदिक्कत वापरला होता. गावात वाचून दाखवला तर लोकांनी अर्थ घेतला की ज्यांची साखर नियंत्रणात आहे त्यांचा गट. मधुमेहाच्या अभ्यासात तो शब्द वापरायचाच नाही. 'यादृच्छिक'चंही तसंच. आम्ही लिहिलं: 'कोणत्या गावात आशाताई घरी येतील हे आम्ही ठरवणार नाही. चिठ्ठ्या टाकतात तसं संगणक ठरवेल.' 'चाचणी' तर दुधारी आहे, कारण रक्ताची चाचणी आणि क्लिनिकल ट्रायल या दोन्हींना आपण चाचणीच म्हणतो. रक्ताची ती 'तपासणी' आणि आपलं काम तो 'अभ्यास', असं ठरवून एकदाच पूर्ण पत्रकात बदल करा. '६ मिली रक्त' लिहून काही पोचत नाही. 'तीन नळ्या, सगळं मिळून चहाच्या सव्वा चमच्याएवढं' असं लिहिलं की विषय संपतो. रक्त कुठे नेणार, किती दिवस ठेवणार आणि उरलेल्याचं काय करणार हे तिथेच लिहा. 'रक्त विकतात' ही शंका बहुतेक गावांत निघते.

तिसऱ्यांदा परत आलं ते सोपं केल्यामुळे. मराठी पत्रकाचं दुसऱ्या माणसाकडून पुन्हा इंग्रजी करून जोडावं लागतं, त्याला बॅक ट्रान्स्लेशन म्हणतात. ते करणाऱ्याने मूळ इंग्रजी पाहिलेलं नसावं, हा नियम आम्ही पाळला. मराठी सोपं केल्यावर त्याचं इंग्रजीही सोपं आलं आणि ते मूळ इंग्रजीशी जुळेना. शेरा आला: 'दोन्ही प्रतींत तफावत आढळते.' म्हणजे अवघड लिहिलं तर सोपं करा आणि सोपं केलं तर जुळत नाही. या चक्रात आमच्या ओळखीच्या आणखी दोन टीम अडकलेल्या आहेत.

यातून सुटायचा एकच मार्ग मला सापडला: मराठी आधी लिहायचं. इंग्रजी पत्रक बाजूला ठेवून, कमिटीला हवे ते मुद्दे (हेतू, काय करणार, किती वेळ, त्रास, फायदा, खर्च आणि भरपाई, गुप्तता, माघार, संपर्क) एका कागदावर काढायचे आणि त्यावरून सरळ मराठीत लिहायचं. ते चार-पाच बायाबापड्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं आणि 'आता तुम्ही मला सांगा, यात काय करणार आहेत?' असं विचारायचं. जिथे त्या अडखळतील ते वाक्य बदलायचं. मग या मराठीवरून इंग्रजी प्रत करायची आणि इंग्रजीलाही नवा व्हर्जन नंबर द्यायचा. अशी जोडी पाठवली तर बॅक ट्रान्स्लेशन जुळतंच, कारण मूळच सोपं असतं. आम्ही सोबत एक तक्ता जोडला: जुनं वाक्य, नवं वाक्य, बदलाचं कारण. चौथ्या फेरीत भाषेवर एकही शेरा आला नाही.

त्या बैठकीत खरी मदत झाली ती कमिटीतल्या सामान्य नागरिक सदस्याची. नियमाप्रमाणे कमिटीत डॉक्टरांखेरीज कायद्याची जाणकार व्यक्ती, समाजशास्त्राची माहिती असणारी व्यक्ती आणि एक सामान्य नागरिक लागतो. अध्यक्ष संस्थेबाहेरचे असावे लागतात आणि गणपूर्तीला किमान पाच जण. संशोधक तयारी करतात ती डॉक्टर सदस्यांच्या प्रश्नांची. पत्रक शेवटपर्यंत वाचतो तो मात्र हाच सदस्य. आमच्याकडे त्यांनी विचारलं, 'दोन तास बसवून ठेवणार म्हणता, त्या दिवसाच्या रोजाचं काय?'

प्रश्न रास्त होता. ग्लुकोज टॉलरन्स तपासणीला रात्रभर, किमान आठ तास उपाशी यायचं, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज २५०–३०० मिली पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायचं आणि पहिल्या घोटापासून दोन तास मोजायचे. त्या वेळात हिंडायचं नाही, विडी ओढायची नाही. शेतमजूर बाईचा अख्खा दिवसच जातो. तेव्हा बजेटमध्ये 'बुडीत मजुरी'चं कलम आधीच घाला आणि रक्कम संमतीपत्रकात लिहा. ती इतकीही मोठी नको की केवळ पैशासाठी हो म्हटलं जाईल. (ग्लुकोजच्या पुडीवर 'मोनोहायड्रेट', म्हणजे पाण्याचा अंश असलेलं, असं लिहिलं असेल तर ८२.५ ग्रॅम घ्यायचं. ७५ घेतलं तर डोस कमी पडतो.)

दुसरा प्रश्न यायचाच: ज्या गावांत आशाताई जाणार नाहीत तिथे मधुमेह सापडला तर? उत्तर संमतीपत्रकात हवं, तोंडी चालत नाही. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखावर महिलांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. त्यात व्हिनेगर लावून केलेल्या साध्या तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. दुसऱ्या गटातल्या महिलांची तपासणी का केली नाही यावरून मात्र पुढे बरीच टीका झाली. तेव्हापासून कमिट्या हा मुद्दा सोडत नाहीत. आमचं उत्तर होतं की दोन्ही प्रकारच्या गावांत निकाल लेखी देऊ, आणि उपाशीपोटी १२६, दोन तासांनी २०० किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.५ टक्के, यापैकी काहीही निघालं किंवा ओलांडलं तर त्याच आठवड्यात आरोग्य केंद्राची चिठ्ठी देऊ.

ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, तो लागतो. पण ठराव म्हणजे संमती नव्हे. २००९-१० मध्ये आंध्र आणि गुजरातमध्ये एचपीव्ही लशीच्या (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचावाच्या) प्रकल्पात, आंध्रात वसतिगृहाच्या वॉर्डननी मुलींच्या वतीने सह्या केल्याचं उघड झालं आणि २०१० मध्ये तो प्रकल्प थांबवावा लागला. प्रत्येकाची वेगळी सही किंवा अंगठा हवाच. अंगठा असेल तर त्रयस्थ साक्षीदार लागतो. तो पहिल्या वाक्यापासून हजर हवा, नुसता सहीपुरता आलेला चालत नाही. आशाताई साक्षीदार होऊ शकत नाहीत, कारण त्या आपल्याच अभ्यासात काम करतात. आमच्या पहिल्या मसुद्यात साक्षीदार म्हणून त्यांचंच नाव होतं.

परवानगीचं पत्र हातात आलं म्हणजे सुरुवात करता येते, असंही नाही. ट्रायलची नोंद सीटीआरआयवर, म्हणजे आयसीएमआरच्या नोंदवहीत, पहिला माणूस घेण्याआधी व्हावी लागते. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंद घेतच नाहीत. फी नाही. फॉर्म लांबलचक आहे, पण मसुदा आधीच भरून ठेवता येतो. परवानगीची वाट पाहत बसू नका, तेवढं पत्र शेवटी अपलोड करा. अडचण दोन ठिकाणी येते. पत्रावरचं शीर्षक आणि फॉर्ममधलं शीर्षक जुळलं नाही तर शंका येते. आणि 'पहिला सहभागी घेण्याची तारीख' नोंदणीच्या पुढची लागते. आम्ही आशेवर आठ दिवसांनंतरची घातली, शंका-निरसनात ती उलटून गेली आणि फॉर्म पुन्हा उघडावा लागला. दीड महिना पुढची घाला. मुख्य निष्कर्षाच्या रकान्यात 'साखर कमी होणे' लिहू नका. 'एचबीएवनसीमधील बदल, सुरुवातीला आणि १२ महिन्यांनी' असं लिहा.

एचबीएवनसीवरून आठवलं. सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असलेल्या भागात, उदाहरणार्थ नंदुरबार किंवा गडचिरोलीत, केवळ त्यावर अवलंबून राहू नका. आकडा फसवतो. लोहाची कमतरता असलेल्या बायकांत तो खोटा चढतो. आणि उपाशीपोटीचं रक्त साध्या नळीत ठेवून जीपमधून आणलं तर साखर तासाला ५ ते ७ टक्के उतरते. १३० चे दोन तासांत ११५ होतात आणि मधुमेही माणूस कागदावर निरोगी ठरतो. फ्लोराइडची करड्या झाकणाची नळीसुद्धा पहिला तासभर पूर्ण रोखत नाही. बर्फ न्या, जमलं तर गावातच अर्ध्या तासात नळी यंत्रात फिरवून प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) वेगळा करा. हे प्रोटोकॉलमध्ये लिहिलं की कमिटीतले डॉक्टरही निवांत होतात.

सीटीआरआयचा नंबर आला तो दसऱ्यानंतर. आमची चार गावं ऊसतोड कामगारांची. तोवर टोळ्या निघाल्या होत्या. घरांना कुलपं आणि ओट्यावर म्हातारी माणसं. तीस ते पन्नास वयाचं गावात जवळजवळ कोणीच नाही. तपासणी एप्रिलवर ढकलली, बजेटचं वर्ष बदललं आणि कमिटीला मुदतीचं नवं पत्र द्यावं लागलं. त्यावर मात्र चार दिवसांत सही झाली.

अर्ज करायच्या आधी बैठकीच्या तारखा विचारून घ्या आणि गावचं कॅलेंडर शेजारी ठेवा. कापसाची वेचणी, ऊसतोड, यात्रा, रमजान. उपाशीपोटी रक्त घ्यायचं तर रमजान तर नक्कीच पाहावा लागतो. आणि ज्या कमिटीकडे अर्ज करताय तिची आरोग्य संशोधन विभागाकडची नोंदणी चालू आहे ना, हेही पाहा. हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.