संयोजी ऊतींचा अभ्यास : आधी तंतू, मग पेशी

सूक्ष्मदर्शकाखालील माझ्या अभ्यासात अभिस्तर ऊतींच्या, म्हणजे शरीराचे पृष्ठभाग झाकणाऱ्या ऊतींच्या, काचपट्ट्या पाहून झाल्यावर या टप्प्यात संयोजी ऊती, म्हणजे इतर ऊतींना जोडणाऱ्या व आधार देणाऱ्या ऊती, हाती घेतल्या आहेत. अभिस्तरात पेशी एकमेकींना खेटून असतात, त्यामुळे नजर आपोआप त्यांच्यावरच स्थिरावते. संयोजी ऊतींत मात्र पेशी विरळ असतात आणि त्यांच्यामधल्या अवकाशातील तंतू व आधारद्रव्य यांवरच ऊतीचे बहुतेक गुणधर्म ठरतात. त्यामुळे पेशींपासून आरंभ करण्याचा प्रघात असला, तरी मी तंतूंपासून सुरुवात केली. तंतूंची दिशा एकदा उमगली की त्यांच्यामध्ये कोणती पेशी कुठे शोधायची हे बरेच सोपे होते, असे माझे मत आता पक्के होत चालले आहे.

पहिली ओळख करून घेण्यासाठी आंत्रबंधाची, म्हणजेच आतड्याला धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्याची (मेसेंटरीची), न कापता काचेवर पसरलेली तयारी मला सर्वांत उपयुक्त वाटली. ती बहुधा प्राण्याची असते, पण तीत शिकलेली तंतूंची ओळख मानवी छेदांतही तशीच कामी येते. सुमारे ५ मायक्रोमीटर जाडीच्या छेदात तंतूचे तुकडेच दिसतात. पसरलेल्या तयारीत मात्र सूक्ष्म समायोजन हळूहळू फिरवत एकच तंतू क्षेत्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाहता येतो. कोलॅजेन या बळकट प्रथिन-तंतूंचे जुडगे रुंद, फिकट आणि नागमोडी असतात; इलॅस्टिक, म्हणजे लवचिक, तंतू बारीक व गडद असून त्यांना फाटे फुटतात आणि ते पुन्हा एकमेकांना मिळतात. कोलॅजेनच्या सूक्ष्मतंतूंवर ६७ नॅनोमीटरच्या अंतराने येणारे पट्टे मात्र आपल्या साधनांच्या आवाक्यात येत नाहीत, कारण उत्तम तेलभिंग लावले तरी प्रकाश सूक्ष्मदर्शकाची विभेदनमर्यादा (दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी लागणारे किमान अंतर) ०.२ मायक्रोमीटरच्या आसपासच राहते.

हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंजक-जोडीने रंगवलेल्या छेदात कोलॅजेन आणि इलॅस्टिक तंतू दोन्ही गुलाबीच दिसतात आणि नवख्या नजरेला ते वेगळे काढणे अवघड जाते. यावर एक सोपा उपाय आहे. मानवी महारोहिणीचा (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीचा) छेद ४०× वस्तुभिंगाखाली ठेवून कंडेन्सरची झडप जवळजवळ मिटत न्यावी. मधल्या थरातील इलॅस्टिक पत्रे काचेसारखी चमक घेऊन उठून दिसू लागतात, तर त्यांच्यामधले कोलॅजेन मागे पडते. हीच रचना इलॅस्टिक तंतूंसाठीच्या व्हेरहॉफ अभिरंजनात (रंगवण्याच्या पद्धतीत) काळ्याभोर लहरींच्या रूपात दिसते, आणि जोडीला व्हॅन गीसन हे रंजक वापरलेले असल्यास कोलॅजेन लाल व स्नायू पिवळा असा तिहेरी भेद एका दृष्टिक्षेपात कळतो. येथे हेही नोंदवण्याजोगे आहे की महारोहिणीच्या या थरातील इलॅस्टिन (इलॅस्टिक तंतूंचे प्रथिन) फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतींत तंतू तयार करणाऱ्या पेशी, नव्हे, तर अरेखित स्नायुपेशी तयार करतात.

या टप्प्यातील सर्वाधिक वेळ ध्रुवित प्रकाशाने (एकाच दिशेने कंप पावणाऱ्या प्रकाशाने) घेतला आणि तो सार्थकी लागला. कंडरेचा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या ऊतीचा) उभा छेद दोन काटकोनी ध्रुवकांमध्ये ठेवून मंच फिरवला असता कोलॅजेन उजळते व मावळते, आणि तंतूंच्या नियमित लहरींमुळे गडद-उजळ पट्टे जुडग्यांवरून सरकत जाताना दिसतात. पिक्रोसिरियस रेड या रंजकाने हा परिणाम कितीतरी वाढतो. ब्राझीलचे जुंकेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ही पद्धत मांडली. तिच्याविषयी एक सावधगिरी आवर्जून सांगावीशी वाटते. लाल-पिवळे तंतू म्हणजे पहिल्या प्रकारचे कोलॅजेन आणि हिरवे म्हणजे तिसऱ्या प्रकारचे, असे सरसकट लिहिले जाते. परंतु दिसणारा रंग तंतूची जाडी, त्याची घट्ट वा सैल रचना आणि मंचावरील दिशा यांवर अवलंबून असतो, म्हणून त्यावरून रेणूचा प्रकार ठरवू नये.

त्वचेच्या छेदात डर्मिसचा (बाह्यत्वचेखालच्या थराचा) वरचा पातळ भाग आणि खालचे जाड, आडवेतिडवे जुडगे यांतील फरक १०× खालीच कळतो. दीर्घकाळ ऊन सोसलेल्या त्वचेचा छेद मिळाल्यास तो जरूर पाहावा: बाह्यत्वचेखाली गुलाबी कोलॅजेनची अरुंद पट्टी उरलेली असते आणि तिच्या खाली, जेथे स्वच्छ गुलाबी तंतू असायला हवेत, तेथे निळसर-राखाडी, गुंतलेले, आकारहीन द्रव्य साचलेले असते. हे बिघडलेले इलॅस्टिक द्रव्य आहे.

पेशींमध्ये फायब्रोब्लास्ट ओळखण्यासाठी पेशीद्रव शोधण्यात अर्थ नाही. ते कोलॅजेनच्या रंगात मिसळून जाते आणि जुडग्यांना समांतर पडलेले लांबट केंद्रक तेवढे दिसते. ते केंद्रक मोठे व फिकट असल्यास पेशी तंतुनिर्मितीत गुंतलेली, आणि बारीक व गडद असल्यास शांत, असा अंदाज बांधता येतो. मॅक्रोफेज, म्हणजे परके कण गिळणारी पेशी, काही गिळून बसलेला नसेल तर तो फायब्रोब्लास्टपासून खात्रीने वेगळा करणे साध्या अभिरंजनात कठीण असते. म्हणून मी तो मानवी फुप्फुसाच्या छेदात शोधला, कारण श्वासावाटे आलेले कार्बनचे काळे कण तेथे त्याच्या पोटात आयतेच दिसतात. गोंदणाची शाईदेखील डर्मिसमधील अशाच पेशींत टिकून राहते.

मास्ट पेशींचे, म्हणजे ॲलर्जीत भाग घेणाऱ्या कणयुक्त पेशींचे, वर्णन जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ पाउल एर्लिश यांनी १८७८ च्या आपल्या प्रबंधात केले. टोलुइडिन ब्लू या रंजकाने बाकीचा छेद निळा होत असताना या पेशींचे कण जांभळट-लाल होतात, कारण त्यांतील हेपॅरिनवर सल्फेट गटांची दाटी असते आणि तेथे रंजकाचे रेणू एकमेकांलगत रचले जाऊन त्यांची छटा पालटते. त्वचेत लहान रक्तवाहिन्यांच्या कडेने शोधल्यास त्या लवकर सापडतात. प्लाझ्मा पेशीसाठी, म्हणजे प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशीसाठी, १००× तेलभिंग हवेच: केंद्रक एका बाजूला सरकलेले, त्यात कडेने गडद ठिपक्यांची वर्तुळाकार मांडणी, आणि केंद्रकालगत गॉल्जी पिंडाची फिकट जागा. ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसल्याखेरीज मी नोंदीत तिचे नाव लिहीत नाही. मेदपेशी मेण-छेदात (मेणात बसवून कापलेल्या छेदात) रिकाम्याच दिसतात, कारण प्रक्रियेतील द्रावके मेद धुऊन नेतात.

यापुढे जालीय, म्हणजे बारीक जाळे विणणारे, तंतू घ्यायचे आहेत. ते मुख्यतः तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनचे असतात आणि साध्या अभिरंजनात ओळखू येत नाहीत; चांदीच्या क्षारांनी मात्र ते काळे होतात. त्यासाठी लसीका ग्रंथीच्या लागोपाठच्या दोन छेदांपैकी एक हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने व दुसरा चांदीने रंगवलेला असा जोड मिळवला असून, दोन्हींत तोच भाग गाठून जाळ्याचे रेखाटन करण्याचे काम सुरू आहे.