सागवानी ॲटमॉस मॉड्यूल : उतार, कठडा आणि पॉलिश

टॉवर स्पीकरच्या डोक्यावर बसणारी दोन ॲटमॉस मॉड्यूल (आवाज छतावरून खाली आणणारी छोटी स्पीकर-खोकी) काल रात्री शेवटच्या पॉलिशपर्यंत पोचली. मागच्या नोंदीत मी उतरत्या छपरासारखा आकार दाखवला होता आणि हाच पक्का, असंही लिहिलं होतं. तो आकार मी मोडला. का मोडला आणि त्या जागी काय आलं, ते सविस्तर लिहून ठेवतो. आपल्यापैकी बरेच जण आधी दिसण्याचं ठरवतात, मग आवाजाचं. मीही तेच केलं होतं आणि त्यात सहा आठवडे गेले.

पार्श्वभूमी थोडक्यात. डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज ऐकवणारी ध्वनिपद्धत, थिएटरात २०१२ साली आलं, घरात २०१४ मध्ये. घरासाठी छतात स्पीकर बसवणं हा उत्तम मार्ग, पण भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्लॅबला भोकं पाडायची सोय नाही. म्हणून २०१४ पासूनच दुसरा मार्गही निघाला: ड्रायव्हर (स्पीकरचा आवाज काढणारा गोल भाग) वर तोंड करून ठेवायचा, आवाज छतावर आपटवायचा आणि तिथून तो श्रोत्याकडे आणायचा. छत सपाट आणि टणक हवं, उंची साधारण साडेसात ते बारा फूट. माझ्या हॉलची उंची साडेनऊ फूट, म्हणजे २.९ मीटर, आणि वर पीओपी पनिंग केलेला सरळ स्लॅब. फॉल्स सीलिंग नाही याचं घर भाड्याने घेताना वाईट वाटलं होतं, आता बरं वाटतं. कडेने खोबणी करून लायटिंग सोडलेलं छत असतं, तर आवाज कुठून कसा परतला असता कोण जाणे.

बाजारातली मॉड्यूल आकारासाठी बारकाईने पाहिली. केईएफ कंपनीच्या आर५० चा वरचा पृष्ठभाग सरळ उतरता आहे, काही लपवलेलं नाही. स्पीकर डिझायनर अँड्र्यू जोन्स यांनी पायोनियरसाठी केलेल्या २०१४ च्या एलिट स्पीकरमध्ये वरचा ड्रायव्हर कॅबिनेटच्या माथ्यातच बसवला होता. मला सगळ्यांत आवडली ती डेफिनिटिव्ह टेक्नॉलॉजीच्या बीपी९००० मालिकेची युक्ती. टॉवरच्या माथ्यावर ॲल्युमिनियमची तबकडी असते, ती उचलायची आणि त्या जागी ए९० मॉड्यूल बसवायचं. वायर कुठे दिसत नाही. ज्याने कोणी ते काढलं, त्याने माथ्याचा विचार पहिल्या दिवसापासून केला होता. माझे टॉवर चार वर्षांपूर्वीचे, माथा सपाट, त्यामुळे मला वर ठेवायचं खोकंच करावं लागणार होतं.

आता कोनाबद्दल, कारण आकाराचं सगळं मूळ तिथे आहे. ड्रायव्हरची पाटी आडव्या रेषेपासून २० अंश कललेली असावी, हा रूढ आकडा. मी कागदावर मांडलं. ड्रायव्हर जमिनीपासून १०५ सेंमीवर, कान ९५ सेंमीवर, सोफा स्पीकरपासून २.७ मीटर अंतरावर. छताला लागून आवाज नेमका कानाशी यायचा तर ड्रायव्हरचं तोंड उभ्या रेषेपासून सुमारे ३५ अंश पुढे झुकायला हवं. २० अंशाने सोडलेला सरळ किरण स्पीकरपासून जेमतेम १.४ मीटरवर कानाच्या पातळीला उतरतो, म्हणजे आमच्या सेंटर टेबलावर. मग २० का? दोन दिवस हा प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी ३ मिमीच्या प्लायचे दोन कच्चे नमुने केले, एक ३५ चा आणि एक २० चा, आणि दोन्ही टॉवरवर आळीपाळीने ठेवून ऐकले.

३५ चा नमुना छतावर नेम धरून होता, पण आवाज खोक्यातूनच येतोय हे डोळे मिटूनही कळत होतं. कारण असं: त्या कोनात सोफा ड्रायव्हरच्या अक्षापासून ५५ अंशांवर येतो, २० अंशाच्या नमुन्यात तो ७० अंशांवर जातो. चार इंची ड्रायव्हर वरच्या स्वरांत जसजसा अक्षापासून दूर ऐकावा तसतसा मंद होतो, म्हणून २० अंशात सोफ्याकडे थेट येणारा आवाज बराच कमी पडतो. छतावरचा हवा तो बिंदू मात्र तेव्हाही अक्षापासून फक्त १५ अंश बाजूला राहतो आणि तेवढ्यात ड्रायव्हर काही हातचं राखत नाही. नेम थोडा चुकवून थेट आवाजाची गळती पुष्कळ वाचवायची, असा हा २० चा हिशोब आहे. तो उमगल्यावर त्या आकड्याबद्दल फार आदर वाटला.

गळती एवढी महत्त्वाची का? थेट वाट २.७ मीटरची, छतावरून येणारी ४.६६ मीटरची. जवळजवळ दोन मीटरचा फरक, म्हणजे थेट आवाज ५.७ मिलिसेकंद आधी पोचतो. आपला कान आधी आलेल्या आवाजावरून दिशा ठरवतो, त्यालाच हास इफेक्ट म्हणतात. छतावरून येणारा आवाज कितीही सुंदर असो, त्याआधी थोडासा जरी समोरून आला तरी पाऊस आभाळातून न पडता टॉवरच्या माथ्यावर पडतो.

मागच्या नोंदीतल्या छपराच्या आकाराचं नेमकं हेच झालं होतं. २०० मिमी रुंद, २४० मिमी खोल, पुढची कड ६० मिमी, मागची १४७. दिसायला देखणा, खोलीत शिरल्यावर जणू टॉवरने मान किंचित वर केली आहे असं वाटायचं. कडेचे त्रिकोण मी किती तास घासले असतील. पण बाजूंना आणि पुढे आडोसाच नव्हता. आरईडब्ल्यू (आवाज मोजायचं सॉफ्टवेअर) लावून सोफ्यावर माइक ठेवला, तर इम्पल्सच्या, म्हणजे क्षणिक आवाजाच्या, आलेखात दोन शिखरं स्वच्छ दिसली आणि पहिलं, म्हणजे थेट आवाजाचं, दुसऱ्याच्या तोडीचं होतं.

यावर उपाय कठडा. ड्रायव्हरच्या चारही बाजूंनी भिंत वर न्यायची आणि आतून फोम लावायचा. पहिल्या झटक्यात मी पुढची भिंतही मागच्याएवढी, १५० मिमी केली. गळती गेली, पण टॉवरवर कुणीतरी बुटाचं खोकं ठेवलंय असं दिसू लागलं. शिवाय माथा सपाट झाल्याने आईने दुसऱ्याच दिवशी त्यावर शेवंतीची फुलदाणी ठेवली. तिचं बरोबरच होतं, सपाट जागा दिसली की घरात तिचा उपयोग होतोच.

मग मी सोफ्यावर बसून पाहिलं. कानाच्या पातळीला डोळा नेऊन ड्रायव्हरच्या कोनचा (थरथरणाऱ्या शंकूसारख्या पडद्याचा) कुठला भाग दिसतो ते शोधलं. नियम सोपा आहे: बसल्या जागेवरून कोन दिसला, तर वरच्या स्वरांचा आवाजही तिथून सरळ येणार. पुढचा कठडा पुठ्ठ्याचा करून पाच-पाच मिमी कमी करत गेलो. ११५ ला कोनची मागची कड चंद्रकोरीसारखी डोकावली. १२० ला पूर्ण झाकली. म्हणजे १५० ची गरजच नव्हती. मागे १५०, पुढे १२०, माथ्याला साधारण ७ अंशांचा उतार. आत ड्रायव्हरची पाटी २० अंशांत, बाहेर फक्त ही हलकी झुक. छताकडे जाणाऱ्या वाटेत कठडा कुठेच आडवा येत नाही, तेही दोरा ताणून पाहिलं.

या झुकीवर मी खूश आहे. टॉवरने मान वर केल्याचा पहिला भास थोडा उरला आहे आणि फुलदाणी तिथे ठेवावीशी वाटत नाही. आतल्या भिंतींना आणि पाटीवर ड्रायव्हरभोवती १२ मिमीचा फेल्ट आहे. फोमही चालतो, पण स्वस्त फोम आमच्याकडे दोन पावसाळ्यांत भुगा होऊन ड्रायव्हरवर पडतो हे मी एका जुन्या ग्रिलवर अनुभवलंय. पुन्हा माइक लावला तेव्हा ४ किलोहर्ट्झच्या वर थेट शिखर स्पष्ट खाली आलं होतं. त्याखाली मात्र फारसा फरक नाही. १ किलोहर्ट्झची लाट ३४ सेंमी लांब, तिला एवढासा कठडा काय अडवणार! पण उंचीची जाणीव मुख्यतः वरच्या पट्टीतूनच होते. ध्वनिशास्त्रज्ञ ब्लाउअर्ट यांच्या प्रयोगांत ८ किलोहर्ट्झच्या आसपासचा अरुंद पट्टा लोकांना डोक्यावरून आल्यासारखा ऐकू आला होता. तयार मॉड्यूलच्या क्रॉसओव्हरमध्ये (स्वर वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये) अशा जाणिवेसाठी खास फिल्टर असतो. माझ्यात अजून नाही.

आतली जागा जेमतेम सव्वादोन लिटर, बंद पेटी. खालचे स्वर रिसीव्हरने (स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरने) मुख्य टॉवरकडे वळवलेत, क्रॉसओव्हर १५० हर्ट्झ. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये 'डॉल्बी स्पीकर' निवडायला विसरू नका, 'टॉप' नव्हे.

आता लाकूड, ज्यात माझा खरा जीव आहे.

टॉवर १८ मिमी एमडीएफचे, वर सागवानी विनिअर (लाकडाचं पातळ पान), रेषा उभ्या. त्याच पानाचा अडीच फुटांचा तुकडा माळ्यावर गुंडाळून ठेवला होता. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये हव्या त्या रेषांचं विनिअर मिळतं, पण त्याच पानाचं मिळत नाही. तुकडा उघडला आणि काळजात धस्स झालं: अंधारात राहिलेला साग फिका, जरा हिरवट पिंगट, आणि टॉवर चार वर्षं उजेड पिऊन मधासारखे झालेले. मिस्त्री म्हणाले, "साहेब, स्टेन मारून जुळवू." मी थांबलो. स्टेनने आज जुळेल, पण साग पुढे रंग बदलतच राहणार आणि स्टेनखालचा रंग वेगळाच होत जाणार. त्याऐवजी विनिअर लावलेली खोकी कच्चीच गॅलरीत ठेवली, सकाळचं ऊन येतं तिथे, रोज बाजू फिरवून. पहिल्या आठवड्यातच हिरवटपणा गेला. तिसऱ्या आठवड्यात मी एक खोकं टॉवरवर ठेवून मिस्त्रींना हाक मारली. त्यांनी बोट रेषेवरून खाली ओढत नेलं, खोक्यावरून टॉवरवर, आणि म्हणाले, "आता राहू द्या असंच."

पुढच्या पाटीच्या उभ्या रेषा टॉवरच्या रेषांशी जुळवायला मी विनिअर कापण्याआधी टॉवरवर ट्रेसिंग पेपर ठेवून पाच ठळक रेषा उतरवून घेतल्या होत्या. डावीकडे पाचही जुळल्या. उजवीकडे एक रेषा अडीच मिमी सरकली, कारण विनिअर चिकटवताना फेव्हिकॉल ओला असतानाच मी दाब दिला आणि पान घसरलं. ते सोलून पुन्हा लावायला तुकडा पुरला नसता.

त्यावर तोडगा दुसऱ्याच कामातून निघाला. खोक्याखाली चार रबरी पाय द्यायचेच होते, कंप टॉवरमध्ये उतरू नये म्हणून. ते ३ मिमीचे घेतले आणि खोक्याचा तळ काळा मॅट रंगवला. खोकं आणि टॉवर यांच्यामध्ये आता एक बारीक काळी फट दिसते. त्या फटीमुळे दोन तुकडे दोनच दिसतात, पण एकाच झाडाचे. रेषेचा अडीच मिमीचा फरक डोळा फटीपाशी सोडून देतो. आधी मला सगळं सलग एकसंध हवं होतं. आता फट नसती तर खोकं चिकटवल्यासारखं दिसलं असतं असं वाटतं. मॉड्यूल टॉवरवर ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे करून पाहावं.

कडांना सागवानी लिपिंग (पट्टी), ४ मिमी, वरच्या कडेला पंचेचाळीसचा जोड. पॉलिश मेलामाइन मॅट: सीलरचे दोन हात, मध्ये ३२० चा पेपर, मग मेलामाइनचे दोन. चकचकीत फिनिश टाळलं, कारण माथा उतरता असल्याने ट्यूबलाइटचं प्रतिबिंब थेट डोळ्यात येतं.

ग्रिल कायमची हवीच, त्यावर माझं ठाम मत आहे. वर तोंड असलेल्या कोनवर पुण्यात आठ दिवसांत धुळीचा थर बसतो आणि तो पुसताना कोनला धक्का लागतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीतून आधी आणलेलं काळं कापड घट्ट विणीचं निघालं. ओठांशी धरून फुंकर मारली तर पलीकडे हाताला काही लागत नव्हतं. दुसरं विरळ विणीचं आणलं, फुंकर आरपार गेली. चौकट ६ मिमी प्लायची, कठड्याच्या आत २ मिमी खाली बसते, सहा चुंबकांवर. कापडाचा काळा रंग आणि खालची काळी फट, यांच्यामध्ये सागाचा १२ सेंमीचा पट्टा. समोरून पाहताना तेवढंच दिसतं आणि तेवढंच पुरतं.

राहिला पंखा. आवाज छताला जिथे लागतो तो बिंदू स्पीकरपासून १.३ मीटर पुढे, आणि आमच्या १२०० मिमीच्या पंख्याच्या पात्यांची टोकं नेमकी त्या वाटेत फिरतात. पंखा चालू असला की वरच्या स्वरांना बारीक थरथर येते, संथ पियानोत स्पष्ट. सिनेमा पाहताना पंखा बंद ठेवतो. उन्हाळ्यापर्यंत भिंतीवरचा पंखा लावायचा विचार आहे, घरमालकांशी बोलणं झालंय, हुक त्यांना चालेल.

पुढच्या नोंदीत मागची जोडी. ती टॉवरवर नाही, पुस्तकांच्या शेल्फवर बसेल, कानापेक्षा दीड फूट वर आणि फक्त १.२ मीटर अंतरावर. तिथे कान स्पीकरच्या खाली, त्यामुळे कोन आपोआपच बराचसा झाकला जाईल आणि पुढचा कठडा कमी उंचीचाही पुरेल. पुठ्ठ्याचे तुकडे कापून ठेवलेत, रविवारी बसून पाहीन.