या घरात बाप मीच

बाबा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते, भाऊ चार. आई नर्स, महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी. त्यामुळे नगरच्या आमच्या दोन खोल्यांत कौटुंबिक उपासना चालवायची ती आजी, आईची आई. भांडी घासून पालथी पडली की ती खुंटीवरच्या पिशवीतून शास्त्र, म्हणजे बायबल, काढायची. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातलं एक गीत, शास्त्रपाठ, प्रार्थना.

बायबलमधल्या पौल प्रेषिताच्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय आला की 'मुलांनो, प्रभूमध्ये तुम्ही आपल्या आईबापांच्या आज्ञेत राहा' हे आम्ही वाचायचं. चौथं वचन ती स्वतः वाचायची, 'बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका.' भावानं एकदा विचारलं, आपल्याकडे बाप कुठंय? ती म्हणाली, "या घरात बाप मीच. हे मला लिहिलंय."

आणि तसं ती वागायची. गणितात नापास झाला म्हणून एकदा तिनं भावाला लाटण्यानं मारलं. दंडावर वळ उठला. त्या रात्री तिनं तेच वचन काढून वाचलं, आणि त्याच्यापुढं हात जोडून म्हणाली, "चुकले रे बाळा." मोठ्या माणसानं लेकराची माफी मागितलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुटुंब रविवार असायचा. घरं एकेक करून वेदीपुढं यायची. बाप, आई, लेकरं. शास्त्र वाचणार बाप. आईला कधीच कुणी बोलावलं नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, आम्हीही कुटुंब आहोत हे कुणाला सुचलंच नाही. ती मागच्या बाकावर बसून गात राहायची. त्याचा राग मला आजही येतो.

शास्त्रात तर किती तऱ्हेची घरं आहेत! पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचा बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक; पौल त्याच्या विश्वासाबद्दल लिहितो तेव्हा नावं घेतो ती आजी लोईस आणि आई युनीके यांची. रूथ आणि नामी, दोघी विधवा, सून आणि सासू. बेथानीत दोन बहिणी आणि एक भाऊ, आणि प्रभू येशू त्या घरी जेवायला जायचा. वधस्तंभावरून त्यानं आपली आई एका शिष्याच्या हवाली केली. आपल्या पंडिता रमाबाई 1882 साली विधवा झाल्या, लेक मनोरमा तान्ही. पुढं दौंडजवळच्या केडगावात (आपलं नगरशेजारचं नव्हे) त्यांनी अनाथ मुली नि टाकलेल्या बायकांचं केवढं घर उभं केलं!

पती मस्तक आहे असंही पौलानं लिहिलंय, हे मला मंडळीत आठवून देतात. लिहिलंय, मी ते पुसत नाही. पण त्याच्या आधीच 'एकमेकांच्या अधीन असा' आहे. आणि ज्या रोमी जगात लेकराच्या जिवावरसुद्धा बापाची सत्ता चालायची, तिथं तो बापाला बजावतो. ते चौथं वचन आपण व्यासपीठावरून फार कमी वाचतो.

गेल्या महिन्यात शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीतल्या मुलांच्या बायबल वर्गात, मी दहा आज्ञांपैकी पाचवी शिकवत होते, 'आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख.' वर्ग सुटल्यावर दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा मागं थांबला.

"बाई, पप्पा पिऊन मारतात. तरी मान राखायचा?"

मी त्याला जवळ बसवलं. मान राखायचा म्हणजे मार लपवायचा असं नाही, म्हटलं. मग इफिस सहा-चार काढून दिलं. हे देवानं तुझ्या पप्पांना सांगितलंय. त्यानं बोट ठेवून दोनदा वाचलं.

त्याच संध्याकाळी पाळकीणबाई आणि मी त्याच्या घरी गेलो. आता तो, बहीण आणि आई मामाकडे राहतात. मामा अविवाहित, रिक्षा चालवतो, सकाळी दोघांचे डबे स्वतः भरतो.

येत्या कुटुंब रविवारचा शास्त्रपाठ या घराला द्या, असं मी पाळकसाहेबांना सांगून आलेय. चौथ्या वचनासकट.