गोठ्यातली गाडी आणि हिरवे पडलेले कपलर

आपल्याकडं खेड्यात गाडी रात्री कुठं उभी असते? गोठ्यात. बाहेर लावली की पेट्रोल जातं, म्हणून बैलाशेजारी. मग काही पावसाळ्यांत हॉर्न घोगरा होतो, इंडिकेटर नुसतेच टिकटिकतात, ब्रेक लाइट लागला का नाही ते हात आडवा धरून बघावं लागतं, अन् शिव्या खाते बॅटरी.

गंगाखेडकडं मामाची जुनी स्प्लेंडर आहे, तिचं डिट्टो हेच. एका मेकॅनिकनं आधी बॅटरी बदलायला लावली, मग रेग्युलेटर. पैसे गेले, हॉर्न तसाच. या गाडीत स्पार्क अन् हेडलाइट दोन्ही मॅग्नेटोवर (इंजिन फिरलं की वीज बनवतो तो), बॅटरीवर नाही, त्यामुळं गाडी किकला चालू, हेडलाइट झकास, फक्त बॅटरीवरचं तेवढं मरतुकडं, म्हणून कुणालाही बॅटरीचाच संशय येणार.

मी ब्रेकचा पायडल ट्यूबच्या रबरानं खाली ओढून बांधला, चावी ऑन केली अन् मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर लावला. बॅटरीवर 12.1, मागच्या बल्बवर 9. मग मधले 3.1 व्होल्ट खातंय कोण? बॅटरीच्या प्लसपासून होल्डरच्या प्लसपर्यंत मोजलं तर 0.8, अन् होल्डरच्या अर्थपासून (करंट बॅटरीकडं परत नेणारी वायर) बॅटरीच्या मायनसपर्यंत चक्क 2.3! चोर अर्थमधी. हे बल्ब चालू असतानाच मोजायचं बरं का, बंद करून बीपवर बघितलं तर एखादी बारीक तार चिकटून असली तरी मीटर बीप देतंय अन् आपण म्हणतो वायर ठणठणीत. 9 व्होल्टवर 12 चा बल्ब निम्माही उजेड देत नाही. राजदूतसारख्या 6 व्होल्टच्या गाडीत तर अजून वाईट, तेवढ्याच वॅटला करंट दुप्पट.

सीटखालचा कपलर, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणारा प्लॅस्टिकचा जोड, निघता निघेना. निघाला तेव्हा आत नुसती हिरवी भुकटी, अन् एका पिनचा पितळी कान बोट लावताच कटकन तुटला. होंडाच्या वायरिंगमधी हिरवी वायर म्हणजे अर्थ, इथं वायरीपेक्षा पिनच जास्त हिरवी!

हे असं तुटणं म्हणजे नुसता गंज नाही. गोठ्यात जो वास नाकाडोळ्याला झोंबतो तो अमोनिया, अन् पितळेचा तो वैरी. इंग्रजांच्या काळात इथंच हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकायची, कुणाला कारण कळेना. 1921 मधी उलगडा झाला की अमोनिया, ओल अन् पितळ दाबून घडवताना त्यात उरलेला ताण, तिन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. कपलरची पिन पण दाबून वळवलेलीच असते की. त्यात मामाची युरियाची पोती पण त्याच कोपऱ्यात, ओल लागली की त्यातून पण अमोनिया सुटतोच.

वायर छिलली तर तांबं लाल नाही, काळं. त्यावर सोल्डर धरत नाही, उगं डोकं लावू नका. काळेपणा रबराच्या आतून बराच वर चढलेला असतो, चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जायचं अन् त्याच जाडीचा नवा तुकडा घालायचा. वायर पिळून काळी टेप गुंडाळणाऱ्यांचा मला लई राग येतो, आपल्या उन्हाळ्यात त्या टेपचा डिंक सुटून चिकट चोथा होतो अन् ओल आत जायला मोकळी. मी नवीन पिना क्रिम्पिंगच्या पकडीनं दाबल्या (साध्या पकडीनं दाबलेली पिन खड्ड्यात ढिली होते), वर हिटश्रिंक नळी (गरम केली की आवळून बसते ती), अर्थच्या बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरनं खरवडला अन् सगळं जोडून झाल्यावर वरून ग्रीस. हेडलाइटच्या डोमातली कनेक्शनं पण उघडून साफ केली. वॉशिंगवाले प्रेशरनं मारतात ते बोरचं खारं पाणी तिथंच जाऊन बसतं.

आता बल्बवर 11.6. उरलेला अर्धा व्होल्ट बहुतेक चावीच्या अन् ब्रेकच्या स्विचमधी जातोय, त्याला हात लावला नाही.

मामांना म्हटलं गाडी ओसरीत लावत जा. तर म्हणे, "ओसरीत मी झोपतो, मला गोठ्यात पाठवतो का?" शेवटी गोठ्यातच, पण दाराकडं वारं लागेल तिथं लावायचं ठरलं अन् युरियाची पोती तेवढी शेजारच्या खोलीत हलवली.