आखाजी झाली की गोवा, पण बुकीचा हिशोब आधी

खान्देशाबाहेरच्या लोकांना सांगितलं की पटत नाही, पण आमच्याकडे आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला पत्ते खेळणं हा सणाचाच भाग आहे. लेकीबाळी माहेरी आलेल्या, झाडाला झोके बांधलेले, गौराईची गाणी, पितरांची घागर भरायची, दुपारी पुरणपोळी न आमरस, आणि तिकडे पुरुष मंडळी कुणाच्या ओट्यावर नाहीतर खळ्यात चादर टाकून झन्नामन्ना खेळत बसलेली. एरवी घरात पत्त्यांचा कॅट दिसला तरी ओरडणारी म्हातारी माणसं त्या दिवशी गप्प. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतमजुराचं, सालही आखाजीलाच संपतं आणि नवीन सुरू होतं, त्यामुळे उचल, देणंघेणं, हिशोब सगळं त्याच आठवड्यात, लोकांच्या हातात नोटा असतात. आणि नेमकं त्याच टायमाला आयपीएल. मार्चच्या शेवटी जे सुरू होतं ते मे संपेपर्यंत रोज संध्याकाळी साडेसात, शनिवार रविवार तर साडेतीनपासूनच.

तर यंदा आमचं ठरलंय की आखाजी उरकली की गोव्याला कॅसिनोत जायचं. चौघं आहोत, एक रावेरकडचा केळीवाला, एक जळगावात सोन्याच्या दुकानात हिशोब बघणारा, एक माझा मावसभाऊ आणि मी. प्लॅनिंग माझ्याकडे आलं कारण बाकीच्यांना फक्त "चल ना भो" एवढंच म्हणता येतं, तारखा तिकिटं बजेट म्हटलं की सगळे मोबाईलमध्ये बघायला लागतात.

पहिलाच वाद असा निघाला की मावसभाऊ म्हणे, मस्त कॅसिनोच्या बोटीवर बसून मॅच बघू न तिथंच मॅचवर लावू. त्याने रील बघितलेलं लास व्हेगासचं, भिंतभर स्क्रीन, खाली सोफे, समोर काउंटर, लोक चिठ्ठी फाडून पैसे लावताहेत. अरे बाबा ते तिकडे आहे. व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात खेळांवरचं बेटिंग 1949 पासून कायदेशीर आहे, बाकीच्या राज्यांना वाट मोकळी झाली ती 2018 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने जुना केंद्रीय कायदा उडवला तेव्हा. मार्चमध्ये त्यांच्या कॉलेज बास्केटबॉलची मोठी स्पर्धा असते, तेव्हा लोक मुद्दाम व्हेगासची ट्रिप मॅचच्या हिशोबाने आखतात कारण कॅसिनो आणि बेटिंगचं काउंटर एकाच छताखाली असतं. गोव्यात तसं काही नाही. मांडवी नदीत उभ्या असलेल्या बोटींवर, डेल्टिन रॉयल म्हणा, बिग डॅडी म्हणा, मॅजेस्टिक प्राइड म्हणा, टेबलं आहेत, मशीन आहेत, मॅच बारमधल्या टीव्हीवर दिसेल पण मॅचवर लावायचं काउंटर नाही. क्रिकेटवर पैसे लावणं आपल्याकडे कायदेशीर नाही, घोड्यांच्या शर्यतीवर चालतं ते वेगळं, कारण 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यतीला नशिबाचा नाही तर कौशल्याचा खेळ मानलं. क्रिकेटच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या लोढा समितीने बेटिंग कायदेशीर करा असं सुचवलं, 2018 मध्ये विधी आयोगाचाही रिपोर्ट आला, पुढं काही हाललं नाही.

म्हणजे सीझनमध्ये कॅसिनोची ट्रिप काढली की खरं तर दोन वेगवेगळे जुगार एका बॅगेत भरले जातात, आणि माझं सगळं प्लॅनिंग ते दोन वेगळे ठेवण्यापुरतं आहे. एक कॅसिनो, जिथं आपण आधी पैसे मोजतो न मग खेळतो. दुसरा बुकी, जिथं आधी खेळतो न पैसे नंतर. गावोगावी मॅचवर लावायची जी आयडी, म्हणजे बुकीच्या साइटचं लॉगिन, वाटली जाते ना व्हॉट्सअ‍ॅपवर, तिची गोम तीच आहे, लिमिट उधारीची असते. खिशात शंभर रुपये नसलेला पोरगा वीस हजाराचं खेळतो कारण हिशोब आठवड्याने होणार असतो. ऑगस्ट 2025 पर्यंत लोकांची निम्मी हौस ड्रीम11 सारख्या अ‍ॅपवर पैसे भरून फँटसी टीम लावण्यात भागायची, मग संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैशाचे सगळे ऑनलाइन गेम बंद, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद न एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. ड्रीम11 चं नाव टीम इंडियाच्या जर्सीवरून गेलं ते त्यामुळेच. टपरीवर टीम लावणारी पोरं त्यानंतर देवळात जायला लागली असं काही दिसलं नाही मला, त्यातली बरीच सरळ आयडीकडे वळलेली दिसतात.

आणि बुकीचं गणित लोक कधी मांडूनच बघत नाहीत. सेशनचं बघा, म्हणजे ठरावीक ओव्हरमध्ये रन किती होतील त्यावर लावणं, सहा ओव्हरला 52-53 असा भाव दिला. 'येस' म्हणणाऱ्याला 53 किंवा वर पाहिजेत, 'नो' म्हणणाऱ्याला 52 च्या खाली. बरोबर 52 झाले तर? दोघांचेही गेले, सगळे बुकीचे. सोन्याच्या दुकानातला मित्र रोज मिलिग्रॅमचा हिशोब करतो, त्याला हे समजावून सांगितलं तर दोन मिनिटं गप्प बसला न म्हणे "मले कोनी सांगंच नही". आखाजीच्या पत्त्यात कमीत कमी असं तरी असतं की पैसा या ओट्यावरून त्या ओट्यावर जातो, गावातच राहतो. अड्ड्यावर गेलं की अड्डेवाला नाल, म्हणजे आपला वाटा, काढतो, ती डोळ्यांसमोर काढतो. बुकीची नाल भावात लपलेली असते.

कॅसिनोचीही लपलेलीच असते, पण ती मोजता येते, हा माझ्या मते मोठा फरक. रुलेटला, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकावर, एका आकड्यावर लागलं तर 35 पट मिळतात, पण खाने असतात 37, एक ते छत्तीस आणि एक शून्य. म्हणजे शंभरामागे सरासरी 2.7 रुपये बोटवाल्याचे. काही टेबलांवर दोन शून्य असतात, मग खाने 38 आणि बोटवाल्याची कापणी शंभरामागे 5.26, जवळपास दुप्पट. तासाला चाळीस वेळा चाक फिरलं न दर वेळी दोनशे लावले तर आठ हजाराची उलाढाल झाली, एका शून्याच्या टेबलावर सरासरी 216 रुपये जाणार, दोन शून्याच्या टेबलावर 421. टेबल तसंच, हिरवा कपडा तसाच. त्यामुळे बसायच्या आधी शून्य मोजायचे हे मी तिघांना लिहून पाठवलंय. बॅकरा हा पत्त्यांचा खेळ खेळायचा तर बँकरच्या बाजूवर लावा, एक टक्क्याच्या जरा वर कापणी, आणि टायवर, म्हणजे बरोबरीवर, आठ पट दिसतात म्हणून हुरळू नका, तिथं शंभरामागे चौदा जातात. अर्थात हे सगळं सरासरीचं, एका रात्रीत काहीही होऊ शकतं, म्हणून तर लोक जातात.

मध्येच एक आठवलं म्हणून सांगतो. आपल्या इथला मटका सुद्धा कापसातूनच आलेला आहे, न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजचे उघडायचे न बंद व्हायचे भाव मुंबईत यायचे, त्यावर लोक लावायचे, साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद पडलं मग मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले. ज्या भागात माणूस कापूस घरात ठेवून भाव वाढायची वाट बघत होळीपर्यंत बसतो, त्याला जुगार शिकवायला गोव्याला न्यायची गरज नाही असं माझे काका म्हणतात.

बरं, लोक विचारतात महाराष्ट्रात कॅसिनो का नाही. कायदा होता की. 1976 चा, कॅसिनोला परवानगी न कर लावणारा, पण तो कधी लागूच केला नाही, कागदावर पडून राहिला आणि 2023 मध्ये रद्द केला. गंमत म्हणजे गोव्याचा जुगाराचा कायदाही 1976 चाच, त्यांनी मात्र 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलात मशीनला न 1996 मध्ये बोटींवर टेबलांना वाट काढली. म्हणूनच खरे पत्ते, खरं चाक फक्त पाण्यावर, जमिनीवर इलेक्ट्रॉनिक. आणि खुद्द गोव्याच्या लोकांना 2020 पासून आत खेळायला बंदी आहे. स्वतःच्या लोकांना जे नको ते पाहुण्यांना वाढायचं, पाहुणे म्हणजे आपण.

आता पैशाचं, कारण इथंच सगळे प्लॅन फाटतात. मी प्रत्येकी पंधरा हजार खेळायचे असं ठरवलं, रोख, पाकिटात, कार्ड हॉटेलात. यात चिप्स (टेबलावर पैशांऐवजी लावायच्या चकत्या) घेताना जीएसटी आहे हे लक्षात ठेवा. ऑक्टोबर 2023 पासून पूर्ण रकमेवर 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला. जिंकलेल्या चिप्स परत लावल्या तर पुन्हा लागत नाही, पण पहिल्या खरेदीवर लागतो, तो पॅकेजच्या भावात धरलाय की वरून घेणार हे काउंटरवर आधी विचारून घ्यायचं. एन्ट्रीचं जे पॅकेज असतं त्यात जेवण, पिणं न थोड्या चिप्स येतात, पण त्या चिप्स बहुतेक खेळण्यापुरत्याच, कॅश होत नाहीत. आणि जिंकलात तर 30 टक्के इन्कम टॅक्स, वर सेस, आणि त्यातून हरलेले पैसे वजा होत नाहीत. सोमवारी पन्नास हजार जिंकले न मंगळवारी पन्नास हजार हरले तर तुमच्या मते बरोबरी, सरकारच्या मते पन्नास हजारांचं उत्पन्न.

मावसभाऊ म्हणे माझे पंधरा फायनल झाली की देतो, बुकीकडून यायचेत, ते धरून चल. नाही धरणार. सीझन चालू असताना बुकीकडून यायचे पैसे म्हणजे पुढच्या मॅचला लागलेले पैसे, ते हातात येतच नसतात, आणि द्यायचे असले तर मात्र माणूस दारात येतो. मी स्पष्ट सांगितलं, निघायच्या आधी हिशोब कोरा कर, आयडी बंद कर, मग ये. चिडला. आठ दिवस बोलला नाही, मग मावशीने मला फोन करून विचारलं की काय भांडण झालं रे तुमचं, आता मावशीला काय सांगणार आखाजीच्या तोंडावर. शेवटी कुठून तरी हिशोब मिटवून आला, कुठून ते मी विचारलं नाही.

दिवस मी सोमवार ते गुरुवार धरलेत. वीकेंडला एन्ट्री महाग, शिवाय दोन-दोन मॅच, बार भरलेला. संध्याकाळी साडेसातला मॅच सुरू होते तेव्हा टेबलांवर जरा जागा असते, साडेअकराच्या आसपास मॅच संपली की तीच गर्दी जिंकल्याचा आनंद न हरल्याचा राग घेऊन टेबलाकडे येते न मग सगळेच मोठं मोठं लावायला लागतात. आपण तोवर जेवून परतीच्या बोटीत बसायचं असा माझा विचार आहे, केळीवाल्याला तो मान्य नाही, तो म्हणतो पैसे भरलेत तर पहाटेपर्यंत बसू. बघू. टेबलावर फोन बाहेर काढू देत नाहीत हे एका अर्थी आपल्या फायद्याचं. एकवीसच्या खाली प्रवेश नाही, ओरिजिनल आधार ठेवा, आणि चप्पल-बर्मुडा घालून जेट्टीवर जाऊ नका, तिथूनच परत पाठवतील.

जायला गोवा एक्सप्रेस, भुसावळ-मनमाड मार्गे पुण्यावरून जाते, मडगावला उतरून पणजी टॅक्सीने. हीच ती गाडी जी जुलै 2023 मध्ये मनमाडहून दीड तास आधीच निघून गेली होती न पॅसेंजर प्लॅटफॉर्मवर राहिले होते, त्यामुळे आमचा सोन्यावाला आताच म्हणतोय की स्टेशनवर दोन तास आधी जाऊ. येताना जळगावचं छोटं एटीआर विमान, 2024 पासून सुरू झालंय, गोव्यातल्या मोपा विमानतळावरून निघतं, वार बघून घ्यावे लागतात. उन्हाळ्यात परतीला ट्रेन नको, रिकाम्या खिशाने बावीस-चोवीस तास एकमेकांची तोंडं बघत यायचं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

केळीवाल्याचं मात्र अजून नक्की नाही, त्याची कापणी त्याच आठवड्यात निघतेय न भाव बरा चाललाय, तो म्हणतो दोन दिवस पुढं ढकल. पुढं ढकललं की शनिवार येतो, त्यामुळे नाही ढकलणार. तिकिटं काढलीत चार, वेटिंगला दोन आहेत, कुणाला गोव्यात कॅसिनोजवळ नाही तर जरा लांब, स्वस्त न स्वच्छ हॉटेल माहीत असेल तर सांगा, मासे चांगले मिळणारं असेल तर अजून बरं, मावसभाऊ शाकाहारी आहे पण त्याचं बघू.