पावसातलं साल्झबुर्ग, मुलं आणि सासूबाईंसह: कुठे जा, कुठे अजिबात जाऊ नका

ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला पाऊस लागलेला असताना जवळच्या वेर्फनच्या बर्फाच्या गुहेत जाऊ नका. कोणी पहिला परिच्छेद वाचून थांबणार असेल तर एवढंच लक्षात ठेवा. "गुहा डोंगराच्या पोटात आहे, तिथे पाऊस थोडाच येतो," असं आम्हाला हॉटेलच्या काउंटरवर सांगितलं. प्रवासाच्या व्हिडिओंमध्येही तेच ऐकलं होतं. 'पावसाळी दिवसासाठी पर्याय' म्हणून हातात जी यादी दिली, तिच्यातही गुहा सगळ्यात वर होती. गुहेत पाऊस येत नाही हे खरं आहे. गुहेच्या तोंडापर्यंत पोचायला काय करावं लागतं, ते मात्र कुणी सांगितलं नाही. म्हणून मी सविस्तर लिहिते आहे.

आम्ही पाच जण होतो: नवरा, मी, तेरा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई, ज्या रोज सकाळी तासभर चालतात. शाळांच्या सुट्टीमुळे मे महिन्याचा शेवट गाठला होता. पाऊस आम्हा ठाणेकरांना नवा नाही, पण तिथला पाऊस वेगळा आहे. वायव्येकडून आलेले ढग आल्प्सच्या उत्तर कडेला अडतात आणि तिथेच रिते होतात, आपल्या घाटमाथ्यावर होतं तसंच. साल्झबुर्ग नेमकं त्या कडेच्या पायथ्याशी वसलं आहे. वर्षाला साधारण १२०० मिमी पाऊस, म्हणजे पुण्यापेक्षा बराच जास्त. एकदा लागला की बारीक, सरळ धारेने दिवसचे दिवस पडत राहतो. मे महिन्यात त्यासोबत आठ-दहा अंशांची थंडी असते. आपल्याकडे भिजलं की घरी येऊन अंग पुसलं की झालं. तिथे भिजलेली जीन्स दुसऱ्या दिवशीही वाळत नाही.

आता गुहेचं. आइसरीझनवेल्ट ही जगातली सगळ्यात मोठी बर्फाची गुहा. एकूण लांबी ४२ किलोमीटरच्या वर, त्यातल्या पहिल्या किलोमीटरभरातच बर्फ आहे आणि तेवढाच भाग दाखवतात. साल्झबुर्गहून वेर्फनला ट्रेनने पाऊण तास लागतो. तिथून शटल बस डोंगरावरच्या व्हिजिटर सेंटरपर्यंत नेते. इथवर आम्ही कोरडे होतो. पुढे केबल कारच्या खालच्या स्टेशनपर्यंत वीस मिनिटांचा चढ, मग केबल कार, आणि वर उतरल्यावर गुहेच्या तोंडापर्यंत पुन्हा वीस मिनिटांचा चढ. वीस मिनिटं हा तिथल्या पाटीवरचा हिशेब. पावसात, सात वर्षांच्या मुलीचा हात धरून, प्रत्येक टप्प्याला अर्धा तास धरा. रस्ता चांगला बांधलेला आहे, दरड कोसळू नये म्हणून काही ठिकाणी वर छतही आहे. सिंहगड न थांबता चढणाऱ्याला त्या चढाचं काही वाटणार नाही. चढाची तक्रार नाहीच. पण गुहेचं तोंड १६४१ मीटरवर आहे. शहरात दहा अंश असतील तर तिथे तीन-चार असतात, आणि पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो.

वरचा टप्पा सगळ्यात वाईट. धुकं इतकं की खालची दरी, समोरचा होहेनवेर्फन किल्ला, काहीच दिसलं नाही. फोटोंमध्ये पाहिलेलं ते सगळं दृश्य पांढऱ्या पडद्यामागे गेलं. छत्री वाऱ्याने उलटी होत होती, म्हणून मिटून ठेवली. गुहेच्या दारापाशी आपल्या गटाची वेळ येईपर्यंत थांबावं लागतं. चालताना अंगात जी ऊब होती ती त्या थांबण्यात गेली. मुलीचा बूट काढून पाहिला तर मोजा पिळल्यावर धार लागली. मी तिला माझे जादाचे मोजे घातले, वरून प्लास्टिकची पिशवी बांधली आणि पाय पुन्हा त्याच ओल्या बुटात कोंबला. मुलगा एक शब्द बोलत नव्हता, एरवी तो अखंड बोलत असतो.

आणि मग ते दार उघडतं. उन्हाळ्यात गुहेतली थंड, जड हवा खालच्या तोंडातून बाहेर पडत असते, त्यामुळे दारात वारा अक्षरशः ढकलतो आणि हातातले कार्बाइडचे दिवे विझतात. आत शून्याच्या आसपास तापमान, आणि ७०० पायऱ्या वर, ७०० खाली. सव्वा तास. मध्येच "आम्ही परत जातो" म्हणायची सोय नाही, सगळ्या गटाबरोबरच राहायचं. कोरड्या कपड्यांत शून्य अंश सहज सोसतात. ओल्या पँटमध्ये नाही.

बर्फ अप्रतिम आहे, तेही लिहायलाच हवं. हिवाळ्यात बाहेरची गार हवा आत ओढली जाऊन खडक गोठून जातो, वसंतात वितळलेलं पाणी फटींतून झिरपतं आणि त्या खडकावर पुन्हा गोठतं. अशा थरांवर थर साचून उभ्या राहिलेल्या त्या भिंती. गाइडने मॅग्नेशियमची पट्टी पेटवून एका भिंतीमागे धरली तेव्हा आतून निळा-हिरवा उजेड पसरला आणि मुलगी थंडी विसरून नुसती बघत राहिली. आत फोटो काढायला बंदी आहे, ते बरंच आहे. पण हे सगळं कोरड्या दिवशी दुप्पट आनंदाने बघता आलं असतं. तिथे दरीही दिसली असती.

सासूबाई मात्र वरच्या स्टेशनजवळच्या रेस्टॉरंटमध्ये थांबल्या. "अगं, तू जा मुलांबरोबर. मी बसते इथे खिडकीपाशी, माझी काळजी करू नकोस," म्हणाल्या. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी हाच मार्ग धरा. शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवा: मेनूवर पातळ धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं सूप असतं, फ्रिटाटनझुपे. दिसायला पूर्ण शाकाहारी, पण ते पाणी गोमांसाचं असतं. चीजचा गोळा घातलेलं दुसरं सूप, कासप्रेसक्न्योडल, तेही बहुतेक त्याच पाण्यात. ऑस्ट्रियात सगळीकडे हेच आहे, विचारल्याशिवाय सूप घेऊ नका. सासूबाईंनी चहा आणि सफरचंदाचा श्ट्रुडल घेतला. गरम जेवणच हवं असेल तर कासनॉकन मागा, चीजमध्ये परतलेल्या कणकेच्या छोट्या गोळ्या, वर तळलेला कांदा. पोट भरतं.

तरीही पावसात कुणाला वेर्फनला जायचंच असेल तर रेनकोटची पँट हवीच, नुसतं जॅकेट चालणार नाही. पाणी आत न जाणारे बूट, प्रत्येकाचा मोज्यांचा जादा जोड पिशवीत, लोकरीची टोपी, हातमोजे. पावसाळी सँडल आणि फ्लोटर घरीच ठेवा. ही गुहा मे ते ऑक्टोबरच उघडी असते. तिकीट वेळेचं असतं, त्यामुळे हवामान बघूनच आदल्या संध्याकाळी काढा.

पावसात डोंगराच्या पोटात जायचं असेल तर हालाइनची मिठाची खाण गाठा. ही जागा यादीत पाचव्या-सहाव्या नंबरावर होती, पहिली असायला हवी. साल्झबुर्गहून लोकल ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत हालाइन, स्टेशनवरून बस थेट वर बाड ड्युर्नबर्गला खाणीपाशी. चढ नाही. आपल्या कपड्यांवर घालायला ते पांढरा झगा-पायजमा देतात, आत दहाएक अंश असतात आणि पूर्ण कोरडं. छोट्या खाण-गाडीवर घोड्यासारखं बसून आत जायचं, मग खाणकामगारांच्या लाकडी घसरगुंड्या, त्यातली मोठी ४२ मीटरची, मग जमिनीखालच्या खाऱ्या तळ्यावर तराफ्यातून फेरी. वाटेत जमिनीखालूनच ऑस्ट्रियाची हद्द ओलांडून जर्मनीत जाऊन परत यायचं. मुलांनी घसरगुंडी पुन्हा मागितली, गाइडने नाही म्हटलं. सासूबाईही घसरल्या, पुढच्या माणसाला धरून. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना बाजूने पायऱ्या आहेत. चार वर्षांखालच्या मुलांना आत घेत नाहीत, तेवढं बघा. साल्झबुर्ग शहराची बरीचशी श्रीमंती या मिठातून आली. १८०३ पर्यंत इथे आर्चबिशपच राज्य करत होते आणि ती चर्चं, ते राजवाडे मिठाच्या पैशावर उभे राहिले. आधी खाण आणि मग शहर असा क्रम ठेवलात तर मुलांना शहर जास्त कळतं.

शहरातला पावसाचा सर्वोत्तम दिवस म्हणजे हाउस डेर नाटुर हे निसर्ग-विज्ञानाचं संग्रहालय. मत्स्यालय, जिवंत सापांचं आणि मगरींचं दालन, डायनासोर, आणि हाताने करून बघायच्या विज्ञान-प्रयोगांचा मोठा विभाग. सकाळी नऊला उघडतं, नऊलाच पोचा. अकरानंतर अख्खं शहर आडोशाला तिथेच येतं. पूर्ण दिवस द्या. मोझार्टचा जन्म १७५६ साली गेट्रायडेगासेतल्या नऊ नंबरच्या घरात झाला. ते घर बघायला सगळे जातात आणि पावसात जिन्यावर ओल्या जॅकेटांची गर्दी होते. संगीताची आवड असेल तरच जा, मुलांना घेऊन नको. होहेनसाल्झबुर्ग किल्ल्याचं बांधकाम १०७७ साली सुरू झालं. तो बघण्यासारखा आहेच, पण ढगांत वर जाण्यात अर्थ नाही. दोन तासांची उघडीप मिळाली की त्याच वेळी जा, आणि उतरतानाही फ्युनिक्युलरच (दोरखंडाने ओढली जाणारी डोंगरी गाडी) घ्या, ओले दगड फार निसरडे असतात. उंटर्सबर्ग डोंगराची केबल कार तर वरचा वेबकॅम बघितल्याशिवाय विचारातच घेऊ नका.

हेलब्रुनच्या राजवाड्याला पावसातही जा. आर्चबिशप मार्कुस झिटिकुसने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पाहुण्यांना भिजवण्यासाठीच तिथल्या बागेतली कारंजी बांधली. दगडी बाकांतून पाणी उडतं, पुतळ्यांतून उडतं, तिथे कोरडं राहण्याचा प्रश्नच नाही आणि पावसात रांगही लहान. पाण्यावर चालणाऱ्या छोट्या यांत्रिक देखाव्यापासून मुलीने आम्हाला हलूच दिलं नाही. २५ नंबरची बस तिथेच सोडते.

आता पैशांचं, कारण इथे आमचे पैसे विनाकारण गेले. २०२५ च्या मे महिन्यापासून साल्झबुर्ग प्रांतात मुक्कामाला असणाऱ्यांना गेस्ट मोबिलिटी तिकीट मिळतं. त्यावर प्रांतातल्या बस आणि लोकल ट्रेन फुकट, वेर्फन आणि हालाइनही त्यात आलं. त्याचा खर्च मुक्कामाच्या बिलातून आपल्याकडून घेतलेलाच असतो. आमच्या हॉटेलने ते स्वतःहून दिलं नाही, तोंडाने सांगितलंही नाही, आणि आम्ही पाच जणांची बसची तिकिटं काढत राहिलो. वेर्फनच्या ट्रेनचंही तिकीट काढलं. शेजारच्या टेबलावरच्या एका जर्मन कुटुंबामुळे नाश्त्याला कळलं. बुकिंग झाल्याबरोबर इमेल करून मागा, पोचल्यावर पुन्हा मागा. बघायच्या जागांचा प्रवेश आणि शहरातल्या बस एकत्र देणारं साल्झबुर्ग कार्ड घ्यायचं का? संग्रहालयांत एका दिवसात तीन जागा करणार असाल तरच. नुसत्या बससाठी आता गरज नाही.

दुसरं, कार्डाचं मशीन. जुन्या शहरातल्या एका रेस्टॉरंटमध्ये वेटरने मशीन समोर धरायच्या आधी स्वतःच 'रुपये'चं बटण दाबलं. बिल ऐंशी युरोच्या आसपास होतं, बँकेच्या दराशी ताडून पाहिलं तर चारशेच्या वर रुपये जास्त गेले होते. भारतीय कार्ड दिसलं की मशीन विचारतं, रुपयांत की युरोत. नेहमी युरोच म्हणा, मशीन आपल्या हातात घ्या, पावतीवर रुपये दिसले तर रद्द करून पुन्हा करायला लावा. एटीएमवरही तेच. टेबलावरच्या ब्रेडचे दर नगावर लागतात, नळाच्या पाण्याचेही काही ठिकाणी लागतात. नळाचं पाणी डोंगरातलं आहे, बाटली भरून घेऊन फिरा.

रविवारी आणि सणांना दुकानं बंद असतात, आणि मे महिन्यात तिथे सण बरेच येतात. छत्री मोडली, मोजे संपले, दूध हवं असलं तर मुख्य रेल्वे स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं असतं. खोलीवर बूट वाळवायला रेडिएटरवर अवलंबून राहू नका, मे महिन्यात ते बंद केलेले असतात. बुटातलं आतलं सोल बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला. हेअर ड्रायरने कातडी बूट तडकतात.

पुढे म्युनिकला जाणार असाल तर जर्मनीतल्या बायर्न (बव्हेरिया) राज्याचं, रीजनल गाड्यांना चालणारं बायर्न तिकीट साल्झबुर्ग स्टेशनापासून वैध आहे, कुटुंबासाठी ते फार स्वस्त पडतं, पण कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या आधी चालत नाही. सीमेपलीकडच्या फ्राइलासिंग स्टेशनला जर्मन पोलीस गाडीत चढून तपासणी करतात. शेंगेनमुळे सीमा खुली असली तरी पासपोर्ट मोठ्या बॅगेत कुलूप लावून ठेवू नका, पाचही हाताशी ठेवा.